शेरखान बाबी

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात आम्ही आपल्या बडोदे नगरीचा इतिहास शिकवीत होतो. इ. स. १७३४ मध्ये महादजी गायकवाड यांनी बडोदे कसे जिंकले, हे सांगताना आमच्या तोंडून एक वाक्य सहज निघून गेले. शहराचा कारभारी शेरखान बाबी त्या वेळी गावात नव्हता, असे आम्ही म्हणालो आणि पुढच्या सनावळीकडे वळलो. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उठून विचारले की, मग ते कोठे गेले होते, आणि परत आल्यावर त्यांनी काय केले? त्या मुलाने वापरलेल्या ते आणि त्यांनी या शब्दांवर वर्गात हशा पिकला. जो हरला त्याला अहोजाहो कशाला, असा त्या हशाचा अर्थ होता. आम्ही मुलांना गप्प केले खरे. परंतु मनातून आम्हीच ओशाळलो. महादजींना आदरार्थी बहुवचन आणि शेरखानाला एकवचन, हे व्याकरण मुलांनी आमच्याच तोंडून ऐकले होते. शिवाय त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे पुरते उत्तरही आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. प्रस्तुत लेख हे ते उशिरा दिलेले उत्तर होय.

विद्यार्थिमित्रहो, शेरखान हे बाबी कुळातील पठाण होते. पठाण म्हणजे पुश्तू भाषा बोलणारे, अफगाणिस्तानच्या व वायव्य सरहद्दीच्या डोंगराळ मुलखातील लोक. त्यांच्यात अनेक टोळ्या आहेत व प्रत्येक टोळी आपले मूळ एखाद्या पूर्वजापर्यंत नेऊन भिडविते. या वंशावळ्या ज्या फारसी ग्रंथात प्रथम सविस्तर नोंदल्या गेल्या, तो नियामतुल्ला याचा ग्रंथ इ. स. १६१३ मध्ये पूर्ण झाला, आणि तोही काबूल-कंदाहारास नव्हे, तर आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरास! पठाणांच्या या परंपरेनुसार कैस नावाचा त्यांचा आदिपुरुष. त्याच्या पुत्रांपैकी एक घुरघुश्त, आणि घुरघुश्ताच्या तिघा पुत्रांपैकी एक बाबी. काकड व पन्नी या टोळ्या घुरघुश्ताच्या दुसऱ्या पुत्राच्या वंशातील मानल्या जातात. मराठ्यांच्या इतिहासात वारंवार भेटणारा दाऊदखान पन्नी हा त्यांपैकीच. अशा वंशावळीत इतिहास किती व कल्पना किती, हे सांगणे कठीण असते; परंतु माणसे आपल्याला कोणाचे म्हणवून घेतात, हे त्यांतून नीट कळते. बाबी लोकांची मूळ वस्ती कंदाहार व क्वेट्टा यांच्या आसपासची होय.

तेथून हे घराणे गुजरातेत कसे आले? त्यांच्यातील परंपरा सांगते की, हुमायून बादशहाबरोबर त्यांचा एक पूर्वज हिंदुस्थानात आला. पुढे शहाजहानच्या कारकीर्दीत, शहाजादा मुराद बक्ष इ. स. १६५४ मध्ये गुजरातचा सुभेदार होऊन आला, तेव्हा त्याच्या लष्करात बाबी घराण्याचे पुरुष होते. तलवार गाजवावी, ठाणे मिळवावे आणि ठाण्याभोवती हळूहळू घरदार वसवावे, हा त्या काळच्या लष्करी घराण्यांचा क्रम. बाबींनीही तोच धरला. उत्तर गुजरातेतील पाटणसारखी महत्त्वाची ठाणी त्यांच्याकडे आली. मराठ्यांशी त्यांची गाठही लवकरच पडली. इ. स. १७०६ मध्ये सेनापती धनाजी जाधव गुजरातेत उतरले आणि नर्मदेच्या बाजूस रतनपूर येथे त्यांनी मोगल फौजेचा धुव्वा उडविला. त्या लढाईत मराठ्यांच्या हाती सापडलेल्या सरदारांत सफदरखान बाबी होते. या घराण्यातील सलाबत महंमदखान यांचे पुत्र महंमद बहादूर, हेच आपले चरित्रनायक. इ. स. १७३० च्या सुमारास त्यांच्याकडे सादरा व वीरपूर या बाजूची फौजदारी आली आणि शेरखान ही पदवीही मिळाली. फारसीत शेर म्हणजे सिंह. हा अर्थ वाचकांनी ध्यानात ठेवावा. लेखाच्या शेवटी त्याचे काम पडणार आहे.

त्या काळचा गुजरात म्हणजे धनी नसलेले घर होते. दिल्लीचा बादशहा दूर आणि दुबळा. सुभेदार यावेत, भांडावेत आणि जावेत. दक्षिणेकडून मराठे चौथाईची मागणी घेऊन दरसाल येत. सोनगढच्या किल्ल्यात बळकट ठाणे करून पिलाजीराव गायकवाड यांनी बडोदे-डभईच्या बाजूस आपला जम बसविला होता. मराठ्यांतही दुफळी होतीच. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ बाजीराव पेशवे व सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्यात लढाई जुंपली आणि दाभाडे रणांगणी पडले. पिलाजीराव दाभाड्यांच्या पक्षाचे होते. पुढील वर्षी, इ. स. १७३२ च्या एप्रिलात, डाकोर येथे सुभेदार अभयसिंह राठोड यांच्या माणसांनी बोलणी करण्याच्या मिषाने पिलाजीरावांचा घात केला. सावलीस त्यांचा दहनसंस्कार झाला. तेथील त्यांचे स्मारक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

पिलाजीरावांच्या मृत्यूनंतर अभयसिंहांनी लगोलग बडोदे घेतले आणि त्याचा कारभार शेरखान बाबी यांच्या हाती दिला. बडोद्याच्या इतिहासात शेरखानांचा प्रवेश होतो तो असा. त्यांनी स्वतः हे शहर जिंकलेले नव्हते. एका सुभेदाराने एका घातानंतर मिळविलेले शहर त्यांच्या स्वाधीन झाले होते. डभई मात्र मराठ्यांकडेच राहिली. म्हणजे शेरखानांच्या हाती आलेले बडोदे चोहोंकडून शत्रूच्या नजरेखाली होते. ज्या तटाच्या आत ते राहिले, तो गुजरातच्या सुलतानांच्या अमदानीतील. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर व गेंडी या चार दरवाजांची नावे आपण रोज घेतो. त्या तटबंदीवर पहारे बसवून शेरखानांनी सुमारे दोन वर्षे शहर राखले.

दरम्यान वाऱ्याची दिशा बदलत होती. सेनापती दाभाडे यांच्या मातोश्री उमाबाई स्वतः फौज घेऊन इ. स. १७३३ मध्ये अहमदाबादेवर चालून आल्या व अभयसिंहांना चौथाई मान्य करावी लागली. त्यानंतर अभयसिंह आपल्या मारवाड देशी निघून गेले आणि सुभ्याचा कारभार रतनसिंह भंडारी या नायबाकडे आला. ज्याने ठाणे दिले तो धनीच दूर गेला, आणि ठाणे राखणारा एकटा पडला.

इ. स. १७३४ मध्ये शेरखान वाडाशिनोरास, म्हणजे आज बालासिनोर म्हणतात त्या आपल्या जहागिरीच्या गावी गेले होते. मागच्या बाकावरील त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे होय. हीच संधी साधून पिलाजीरावांचे बंधू महादजी गायकवाड जंबुसराहून निघाले आणि त्यांनी बडोद्यास वेढा दिला. शिबंदीने शहर नेटाने लढविले. ही वार्ता पोहोचताच शेरखानांनी रतनसिंह भंडारी यांच्याकडे कुमक मागितली. भंडारींनी खंबायतचे अधिकारी मोमीनखान यांना शेरखानांच्या मदतीस जाण्याची आज्ञा केली. परंतु आज्ञा निघणे आणि फौज पोहोचणे यांत अंतर असते. वेढ्यातील आपल्या माणसांना तिष्ठत ठेवणे शेरखानांना रुचले नाही. कुमकेची वाट न पाहता ते निघाले.

महादजी कसलेले सेनानी होते. त्यांनी शहराभोवती पुरेशी फौज ठेवली आणि मुख्य बळ घेऊन ते शेरखानांवर वाटेतच चालून गेले. दोघे एकत्र होण्यापूर्वी एकाला गाठावे, हा त्यांचा डाव होता व तो बिनचूक ठरला. शेरखान व त्यांचे लोक शौर्याने लढले. पण पराभूत झाले व वाडाशिनोरास परतले. मोमीनखान आले तेव्हा लढाई होऊन गेली होती. आता झुंजण्यात अर्थ नाही असे पाहून ते खंबायतेस माघारी गेले. मदतीची आशा संपल्यावर तटातील शिबंदीने शहर स्वाधीन केले. त्या दिवसापासून बडोदे गायकवाडांकडे राहिले, ते इ. स. १९४९ पर्यंत.

आपल्या पाठ्यपुस्तकात शेरखानांचे नाव येथेच संपते, आणि ते साहजिकही आहे. बडोद्याच्या इतिहासाला त्यांच्याशी पुढे कर्तव्य नाही. परंतु माणसाचे आयुष्य पाठ्यपुस्तकाच्या धड्याबरोबर संपत नाही. आमच्या मते शेरखानांचे खरे चरित्र या पराभवापाशीच सुरू होते.

शहर गेले, सुभेदार दूर, मित्र उशिरा पोहोचलेला, हाती केवळ एक जहागीर. अशा स्थितीत त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. बडोदे परत घेण्याच्या हट्टाने उरलेले बळही खर्ची घालावे, किंवा गेलेले गेले असे मानून नवी भूमी शोधावी. शेरखानांनी दुसरा मार्ग धरला. मोमीनखान गुजरातचे सुभेदार झाल्यावर, इ. स. १७३८ च्या सुमारास, शेरखानांकडे सोरठ प्रांताची नायब फौजदारी आली. सोरठ म्हणजे काठेवाडचा दक्षिण भाग आणि जुनागढ हे त्याचे मुख्य ठिकाण. पुढील दहा वर्षे त्यांचा एक पाय सोरठेत आणि एक वाडाशिनोरास होता. इ. स. १७४३ मध्ये मोमीनखान वारले आणि अहमदाबादेत सत्तेची झोंबाझोंबी माजली. त्यांच्याच कुळातील जवानमर्दखान बाबी यांनी शहर बळकाविले. दमाजीराव गायकवाडांचे कारभारी रंगोजी यांच्याशी शेरखानांचा कधी सलोखा, तर कधी सामना होई. आजचा शत्रू उद्याचा सोबती होत असे. हा त्या काळचा धर्मच होता, आणि शेरखान त्याला अपवाद नव्हते. आम्ही त्यांना साधुपुरुष म्हणून येथे उभे करीत नाही. ते त्या धामधुमीच्या काळातील एक धडपडे, सावध व चिवट सरदार होते.

अखेर इ. स. १७४८ मध्ये, दिल्लीची सत्ता नावापुरतीच उरली आहे हे ओळखून, त्यांनी जुनागढास स्वतंत्रपणे राज्य करण्यास प्रारंभ केला. नवाब बहादूरखान या नावाने ते तेथे ओळखले जाऊ लागले. हे जुनागढ म्हणजे साधे ठाणे नव्हे. गिरनारच्या पायथ्याचे ते प्राचीन नगर. तेथील एकाच शिळेवर सम्राट अशोक, क्षत्रप रुद्रदामन आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्त या तिघांच्या काळचे लेख आहेत. तेथील उपरकोट किल्ला राजपूत राजा रा मांडलिक याच्याकडून महंमद बेगड्याने इ. स. १४७२ मध्ये घेतला होता. जेथे इतकी राज्ये आली आणि गेली, तेथे बडोदे गमावलेल्या या पठाण सरदाराने आपले राज्य उभारले, आणि ते थोडेथोडके नव्हे, तर जवळजवळ दोनशे वर्षे टिकले.

त्यांच्या हयातीतच त्यांच्या कुळावर बडोद्यासारखाच आणखी एक प्रसंग गुदरला. इ. स. १७५३ मध्ये राघोबादादा पेशवे व दमाजीराव गायकवाड यांनी अहमदाबादेस वेढा दिला, तेव्हा जवानमर्दखान शहराबाहेर, उत्तरेच्या मुलखात होते. ते धावत आले, मूठभर निवडक स्वारांनिशी रात्रीच्या वेळी वेढ्यातून वाट काढून शहरात शिरले आणि त्यांनी शहर शर्थीने लढविले. शेवटी अन्नधान्य सरले तेव्हा सन्मानाच्या अटींवर त्यांनी शहर सोडले. पाटण, राधनपूर वगैरे मुलूख त्यांच्याकडे राहू दिला गेला. जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्याचा मान राखला, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना भूषणावह आहे. ज्यांनी रणांगणात बाबींशी तलवार भिडविली, त्यांना त्यांची योग्यता ठाऊक होती. ती विसरलो ते आपण, वर्गात बाकावर बसून इतिहास वाचणारे.

शेरखान इ. स. १७५८ मध्ये मरण पावले. त्यांच्या मागे राज्याचे दोन भाग झाले. जुनागढ महाबतखानांकडे गेले आणि वाडाशिनोर सरदार महंमदखानांकडे. राधनपूर जवानमर्दखानांच्या वंशाकडे होतेच. अशा रीतीने गुजरातेत बाबींची तीन राज्ये झाली, आणि काठेवाडात मानावदर-बांटवा यांसारख्या त्यांच्या आणखी शाखाही नांदल्या.

बडोद्याशी त्यांचा संबंध मात्र तुटला नाही. गायकवाडांच्या फौजा काठेवाडात मुलुखगिरीस जात आणि इतर संस्थानिकांप्रमाणे जुनागढकडूनही खंडणी घेत. इ. स. १८०७ मध्ये बडोद्याचे इंग्रज रेसिडेंट कर्नल वॉकर यांनी या खंडण्या कायमच्या ठरवून दिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी जुनागढ संस्थान गायकवाड व इंग्रज सरकार या दोघांना मिळून दरसाल ६५,६०४ रुपये देत असे. परंतु मौज अशी की, त्याच वेळी जुनागढचे नवाब स्वतः आसपासच्या लहान संस्थानिकांकडून जोरतलबी नावाची खंडणी वसूल करीत. एका हाताने द्यावे आणि दुसऱ्याने घ्यावे, असा तो व्यवहार होता. बडोदे संस्थानचा अमरेली प्रांत जुनागढच्या शेजारीच होता. त्यातील धारी व कोडिनार हे महाल गीरच्या अरण्याला लागून होते. एके काळी शहराच्या तटावरून भांडलेली दोन घराणी आता एकाच अरण्याच्या कडेला शेजारी म्हणून राहत होती.

आता त्या शेर शब्दाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील इतर सर्व प्रदेशांतून सिंह नाहीसे झाले होते. बंदुकांच्या हौसेने त्यांचा संहार केला होता. शिल्लक होते ते केवळ गीरच्या अरण्यात. जुनागढच्या नवाबांनी त्यांच्या शिकारीस आळा घातला, आणि त्यामुळेच आज आशियातील सिंह जिवंत आहे. इ. स. २०२० मध्ये त्यांची संख्या ६७४ मोजली गेली आणि इ. स. २०२५ च्या गणनेत ती ८९१ भरली. आज हे सिंह पूर्वी बडोदे संस्थानात असलेल्या अमरेलीच्या मुलखातही हिंडतात. आपले नावच सिंह असलेल्या पुरुषाच्या वंशजांच्या हातून हे कार्य घडावे, हा योगायोग खरा. पण मनाला सुखविणारा योगायोग आहे.

या घराण्याच्या राज्याचा शेवट मात्र कीर्तीचा झाला नाही. इ. स. १९४७ मध्ये अखेरचे नवाब तिसरे महाबतखान यांनी प्रजेचा कौल न घेता पाकिस्तानात सामील होण्याचे ठरविले. त्यातून मोठा पेचप्रसंग उद्भवला. नवाब राज्य सोडून निघून गेले, आणि ९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारने तेथील कारभार हाती घेतला. २० फेब्रुवारी १९४८ रोजी लोकमत घेण्यात आले, तेव्हा सुमारे एक लक्ष नव्वद हजार लोकांनी भारताच्या बाजूने मत दिले व पाकिस्तानच्या बाजूने अवघी ९१ मते पडली. पुढे १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थानही मुंबई राज्यात विलीन झाले. बडोदे जिंकणाऱ्यांचे राज्य आणि बडोदे गमावणाऱ्यांचे राज्य, दोन्ही अशी पाठोपाठ इतिहासजमा झाली. राजे गेले आणि प्रजा राहिली. ती प्रजा म्हणजे आपण सर्वजण.

आणि आपण सर्व तरी मूळचे येथले कोठे आहोत? आमची घरची बोली कोकणी. आमचे वाडवडील समुद्रकाठचे. तुम्हांपैकी कित्येकांचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आले. पठाण हे आडनाव लावणारी कुटुंबेही या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. कोणी घाट उतरून आले, कोणी खैबरच्या खिंडीतून आले, एवढाच काय तो फरक. गुजराथी भाऊ-बहिणींनी आपणां सर्वांना सामावून घेतले आहे.

कीर्तिमंदिरात गायकवाड घराण्याची स्मृती जतन केलेली आहे आणि ती योग्यच आहे. या नगरीवर त्या घराण्याचे, विशेषतः सयाजीराव महाराजांचे, अनंत उपकार आहेत. शेरखानांचे नाव सांगणारा दगड आम्ही बडोद्यात कोठे पाहिला नाही, आणि तो असावा असा आमचा आग्रहही नाही. दोन वर्षे शहर राखणाऱ्याचे स्मारक कोणी उभारीत नसते. परंतु भाषेत त्यांना जागा द्यावयास कोणाचीच हरकत नसावी. जिंकणाऱ्याविषयी आदर बाळगण्यास काही कष्ट पडत नाहीत. हरणाऱ्याविषयी तो बाळगावयास मात्र मन थोडे मोठे करावे लागते. परीक्षेत, खेळाच्या मैदानावर किंवा संसारात, हरण्याचा प्रसंग तुम्हां-आम्हां सर्वांवर येणारच. तेव्हा शेरखान बाबींचे स्मरण करावे. त्यांचे बडोदे गेले, पण ते स्वतः संपले नाहीत.

यंदा नववीच्या वर्गात तोच धडा पुन्हा आला. त्या वेळी शेरखान गावात नव्हते, असे वाक्य आम्ही फळ्यावर लिहिले. कोणीही हसले नाही.